जागा आहे, सलग नाही

अण्णा कुठल्याही खोलीत शिरले की लगेच बसत नसत. दाराशी उभे राहून आधी खुर्च्या पाहत. कोण आलं आहे, कोण यायचं आहे, कोण कुणाबरोबर आहे याचा अंदाज घेत, आणि सगळे टेकले की उरलेल्यातली एकटी, कोपऱ्यातली खुर्ची धरत. आमच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा स्वागताच्या टेबलावरची मुलगी त्यांना सारखी "बसा ना काका" म्हणत होती. "बसतो की," ते म्हणाले, "त्या बाईंच्या मागं अजून माणसं असतील. मधेच बसून त्यांची फाटाफूट कशाला करू?" बाईंच्या मागोमाग खरंच सासू आली, मग कडेवर पोर घेतलेला नवरा आला. त्यांना शेजारीशेजारी खुर्च्या मिळाल्या. अण्णा भिंतीला टेकून उभेच राहिले.

मला तेव्हा हा सगळा वेळकाढूपणा वाटला. सोलापुरातल्या त्या खासगी दवाखान्याचा संगणक विभाग मी सांभाळते. सकाळी आलं की दिवसाची कामं कागदावर लिहायची आणि संध्याकाळपर्यंत एकेकावर काट मारायची, ही माझी रीत. त्या दिवशी कागदावर पहिलंच काम सर्व्हरचं होतं. एक्स-रे आणि सोनोग्राफीची चित्रं ज्या सर्व्हरवर साठतात तो दुपारच्या गर्दीत मधेच गोठायचा. पेशंट टेबलावर आडवा, डॉक्टर पडद्याकडे बघत बसलेले, आणि आतून मला हाक, "मॅडम, परत अडकलं!" थोड्या वेळाने आपलं आपण सुरू व्हायचं. विक्रेता म्हणाला, डिस्क भरत आली आहे, नवी घ्या. पण डिस्कवर जागा शिल्लक दिसत होती. कुणीतरी सांगितलं, शुक्रवार पेठेत एक निवृत्त गृहस्थ आहेत, डिस्कच्या आतलं त्यांना कळतं, त्यांना बोलवा.

अण्णांनी काही आज्ञा दिल्या, पडद्याला नाक लागेल इतके वाकून आकडे वाचले आणि म्हणाले, "जागा आहे, अम्मा. सलग नाही."

माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा माणूस मला अम्मा म्हणतो आहे, हे ऐकून मी चमकलेच. त्यांचं घर तेलुगू विणकरांचं. त्यांच्यात लेकीलाही मायेनं अम्मा म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून मी त्यांची अम्मा आणि ते माझे अण्णा.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"पंगत बघितलीय ना? निम्मे लोक जेवून उठले. मधे मधे ताटं रिकामी झाली. मोजली तर जागा लई. आता आलं सहा-सात जणांचं घर, त्यांना एकत्र बसायचंय. बसवणारा काय करणार? ही रांग बघ, तो कोपरा बघ. तो हिंडायलाय तोवर मागचे सगळे दारात ताटकळायलेत. तुमचा सर्व्हर गोठतो ना, तेव्हा तो असा हिंडत असतो."

मग त्यांनी नीट समजावलं. डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या लहान खणांची प्रचंड लांब रांग. एकेका खणाला ब्लॉक म्हणायचं. कुठला ब्लॉक कुठल्या फाइलला द्यायचा हे कर्नेल ठरवतो. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याच्याकडे एक नकाशा असतो, हा खण भरलेला, हा मोकळा. आपण फाइल पुसली तरी तो खण धुऊन काढत नाही, नकाशात फक्त मोकळा दाखवतो. आणि नवी फाइल आली की तिचे सगळे तुकडे शक्यतो शेजारीशेजारी ठेवायची धडपड करतो, म्हणजे पुढे वाचताना पळापळ होत नाही. डिस्क रिकामी असते तोवर हे सोपं असतं. भरत आली की ती धडपडच महाग पडते. विक्रेत्याचंही तसं चूक नव्हतं, नव्या डिस्कने आमचा त्रास काही वर्षं गेलाच असता. अण्णांनी जुन्या मोठ्या फाइली दुसरीकडे हलवायला सांगितल्या, लांब पट्ट्या मोकळ्या झाल्या, सर्व्हर पळायला लागला. मी कागदावर काट मारली.

काम संपलं होतं. तरी पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले, कारण त्यांनी निघताना म्हटलं होतं, "तुमची डिस्क छान म्हातारी झालीय. माझ्याकडच्या बघायला या कधी."

शुक्रवार पेठेतल्या एका अरुंद बोळात, वरच्या मजल्यावर, त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फळीवर ओळीने डिस्का मांडलेल्या, प्रत्येकीला वायरी, आणि त्यांची बारीक घरघर दिवसभर चाललेली. पूर्वी ते एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बेंगळुरूला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच उद्योग धरला होता, कर्नेलचा. जगभर लोक मोफत वापरतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिचा कर्नेल ठिकठिकाणची माणसं मिळून लिहितात, आणि त्यांचं सगळं बोलणं एका मेलयादीवर चालतं. कुणीही बदल सुचवावा, बाकीच्यांनी तो तपासावा, फाडावा, पटला तर घ्यावा. अण्णा त्यातल्या ब्लॉक वाटणाऱ्या भागावर काम करत.

"नव्या डिस्कवर सगळेच हुशार असतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणून कुठलाही बदल तपासायच्या आधी ते डिस्क म्हातारी करत. एक छोटा प्रोग्राम लावून ठेवायचा, तो फाइली लिहीत राहायचा, पुसत राहायचा, परत लिहायचा. काही आठवड्यांत डिस्कचा नकाशा जुन्या गोधडीसारखा तुकड्यातुकड्यांचा व्हायचा. मग त्या डिस्कवर बदलाची परीक्षा.

बोळातल्या लोकांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी ते कॉम्प्युटरवाले. मी बसलेले असताना एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई मोबाइल घेऊन वर आल्या.

"आवो, ह्याचा आवाजच येईना. बघा की जरा."

"ते मला येत नाही, वहिनी."

"एवढं शिकून मोबाइल येईना व्हय? मग दिसभर वर करता काय?"

"डिस्क म्हातारी करतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आमचा टीव्ही घिऊन जावा की मग. काय न करता म्हातारा झालाय त्यो."

अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाई गेल्यावर म्हणाले, "बघ, एवढं बोलणं झालं की आठवडा बरा जातो."

ते गमतीत म्हणाले होते, पण ते खरंच होतं. त्यांच्या कामाबद्दल ज्याच्याशी बोलावं असा सोलापुरात एकही माणूस नव्हता. मेलयादीवरचे लोक होते, पण ती माणसं कोरडी. दोन ओळींत शंका, एका ओळीत उत्तर. "ते मला नावानं ओळखतात," अण्णा सांगत. "मी कसा दिसतो त्यांना ठाऊक नाही. त्यांना पोरंबाळं किती मला ठाऊक नाही. पण ब्लॉक कुठं द्यावा यावरनं आमची भांडणं होतात, म्हणजे ओळखच झाली की." मुलीचा फोन रोज यायचा, हे मुद्दाम सांगते, ती वाईट मुलगी नव्हती. पण तो कॅबमधून यायचा, लिफ्टमधून यायचा, रांगेत उभं असताना यायचा. "नान्ना," तेलुगूत बाबांना म्हणतात तसं, "जेवलात का? बरं, पोचले मी, ठेवते." अण्णा फोन ठेवून काही वेळ तो हातातच धरून बसत.

माझा नवरा कुर्डुवाडीला रेल्वेत, त्यांची रविवारी हमखास ड्यूटी. मुलगा पुण्याला नोकरीला. त्यामुळे माझा रविवार रिकामाच असे. मी सकाळी अण्णांकडे जाऊ लागले. त्यांच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी कायम, कारण दोन्ही टिकतात आणि रांधावं लागत नाही. मी घरून एखादी भाजी नेई. ते बोलत, मी ऐके. निम्मं डोक्यावरून जाई. पण एखादी गोष्ट शेवटपर्यंत नीट लावून सांगणारा माणूस मला आवडतो.

त्यांच्या पुतणीच्या लग्नाची गोष्ट मला तिथेच कळली. कर्नेलची एक सवय अण्णांना फार प्रिय होती. फाइल लिहायला आली की तो तिला लगेच जागा देत नाही. मजकूर मेमरीत धरून ठेवतो, फाइल एकूण केवढी होते ते कळू देतो आणि मग तिला पुरेल अशी पट्टी शोधतो. पुतणीच्या लग्नात भावाने त्यांना पंगतीला माणसं बसवायला उभं केलं, आणि त्यांनी तीच रीत चालवली. घरातले सगळे आल्याशिवाय कुणालाच बसू देईनात.

"मी आपला विचारायलोय, तुमचे एकूण किती जण ते नक्की सांगा. पाहुणा म्हणतोय, आमचे निम्मे पार्किंगमधे आहेत आणि निम्मे रुसून बसलेत. मागनं एक जण ओरडला, अहो बसवा की, आमटी गार व्हायलीय! हॉल अर्धा रिकामा आणि दारात ही गर्दी. शेवटी भावानं दंडाला धरलं आणि आहेराच्या टेबलावर नेऊन बसवलं."

"मग?"

"मग काय? तेव्हापासून आमच्या सगळ्या लग्नांत मी आहेर घेतो. मशिनीत कसं, लोक उभे राहतात, पण आमटीचं नाव काढत नाहीत."

अशा हसण्याच्या मधेच त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसऱ्याची नजर कडांकडून आत आत आवळत चालली होती. डॉक्टरांनी थेंब दिले होते, आशा दिली नव्हती. पडद्यावरची अक्षरं ते मोठी मोठी करत चालले होते. आता एका पडद्यावर जेमतेम चार-पाच ओळी मावत. आणि एक बदल होता, ज्यावर ते निवृत्त झाल्यापासून काम करत होते. तो कर्नेलमध्ये जायला हवा होता. नजर जायच्या आधी.

"एवढा एक गेला की बास," ते म्हणाले. "मग दिसलं काय, न दिसलं काय."

त्यांची कल्पना वडिलांच्या हातमागावरून आली होती. वडील चादरी विणत. चादर विणून उरलेलं तोकडं सूत ते फेकत नसत, त्यातून रुमाल काढत. रुमालासाठी नवं बंडल कधी फोडत नसत. अण्णांचं म्हणणं, कर्नेलनेही तेच करावं. लहान फाइल आली की तिला मधे मधे उरलेले सुटे खण द्यावेत. लांब मोकळ्या पट्ट्यांना हात लावू नये, त्या मोठ्या फाइलींसाठी राखाव्यात. म्हणजे डिस्क भरत आली तरी मोठ्यांना सलग जागा मिळेल आणि आमच्या सर्व्हरसारखं हिंडत बसावं लागणार नाही. त्यांनी म्हाताऱ्या केलेल्या डिस्कांवर हा बदल सुरेख चालत होता. तक्ते मी पाहिले होते.

त्यांनी बदल यादीवर पाठवला. उत्तरं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या पत्त्यावरही ती यादी सुरू करून घेतली, म्हणजे रविवारी सगळं आयतं हाताशी. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसत, मी मोठ्याने वाचे. इंग्रजी मला वाचता येतं, अर्थ ते लावत. पहिली उत्तरं किरकोळ होती. इथली ओळ बदला, तिथलं नाव बदला. अण्णा खूश होत. "फाडायलेत म्हणजे वाचायलेत." मग एक दिवस त्या भागाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांचं उत्तर आलं. कल्पना चांगली आहे, पण चाचणीच्या डिस्का तुम्ही स्वतः प्रोग्राम लावून जुन्या केलेल्या दिसतात. खूप लोक रोज वापरतात अशा डिस्कवर हे कसं चालतं ते दाखवाल का?

अण्णांनी मिटलेले डोळे उघडले. मग म्हणाले, "खूप लोक कुठनं आणू?"

मी म्हटलं, "दवाखान्यात आहेत."

ते मी लगेच म्हटलं, पण करायला वेळ लागला. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सांगितलं, पेशंटचं नाव नको, चित्र नको, रिपोर्ट नको. कुठली फाइल केव्हा लिहिली, केवढी होती, केव्हा वाढली, केव्हा पुसली, एवढीच नोंद हवी. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, यातून दवाखान्याला काय मिळणार?"

"जमलं तर पुढची डिस्क लवकर घ्यावी लागणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर घ्यावी लागेल. ती नाहीतरी घ्यावीच लागणार आहे."

ते हसले आणि हो म्हणाले. मी कित्येक महिन्यांची नोंद काढून अण्णांकडे नेली. त्यांनी ती आपल्या एका डिस्कवर चालवायला लावली. आमच्या दवाखान्याचं रोजचं सगळं लिहिणं-पुसणं, त्याच क्रमाने, शुक्रवार पेठेतल्या त्या फळीवर पुन्हा घडू लागलं. एकदा जुन्या पद्धतीने, एकदा अण्णांच्या. ते डिस्कला कान लावून बसत. "आता ओपीडी सुटली बघ," म्हणत. खरंच त्यांना आवाजावरून कळायचं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणत, मी विचारलं नाही.

निकाल आला तो रविवार. मी आकडे वाचायला लागले. सुरुवातीच्या आठवड्यांत अण्णांची पद्धत सरस होती, चांगलीच सरस. अण्णा मांडीवर बोटांनी ताल धरत होते. मग फरक कमी होत गेला. मग दोन्ही सारख्या झाल्या. मग त्यांची मागे पडू लागली आणि मागेच पडत गेली. बोटं थांबली.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"आता लहान फाइलींचं वाच. नुसत्या लहान. लिहिल्यावर पुढं त्यांचं काय झालं ते."

ते वाचायला वेळ लागला. पण उत्तर तिथेच होतं. आमच्याकडे पेशंट आला की आधी स्वागताच्या टेबलावर त्याची एक छोटीशी फाइल उघडते. अण्णांची पद्धत तिला सुट्या खणात बसवत होती, बरोबर. पण मग तिच्यात लॅब भर घालते. सोनोग्राफीवाले भर घालतात. डॉक्टरांचा शेरा पडतो, औषधं पडतात, बिल पडतं, पेशंट महिन्याने परत आला की पुन्हा सगळं. लहान फाइल वाढत जाते, आणि तिच्या शेजारी वाढायला जागाच ठेवलेली नसते. मग तिचे तुकडे सगळ्या डिस्कभर पांगतात. एक नाही, सगळ्याच फाइलींचे.

अण्णांच्या चाचणीत हे कधीच घडलं नव्हतं. त्यांचा प्रोग्राम फाइल लिहायचा, ठेवायचा, पुसायचा. लिहून झालेल्या फाइलीकडे दुसरं कुणी परत येतं, तिच्यात भर घालतं, ही गोष्ट त्यांनी त्यात धरलीच नव्हती.

"माझ्या घरात कुठलीच फाइल वाढत नाही, अम्मा," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "लिहितो, ठेवतो, पुसतो. मला वाटलं सगळीकडे असंच असेल."

मी व्यवहारी माणूस आहे. मी म्हटलं, "अण्णा, सुरुवातीचे आकडे चांगले आहेत. तेवढे पाठवा. लहान फाइली वाढत नसतील तिथे हे चालेलच की. तसं स्पष्ट लिहू. बदल आत तरी जाईल."

"जाईल."

"मग?"

"मग दोन वर्षांनी कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी दवाखान्यात, दुपारच्या गर्दीत मशीन अडकेल. तिथं तुझ्यासारखी कुणी असेल, तिला आतनं हाक येईल. ती कुणाला बोलवेल?"

"दुरुस्त करता येईल का हे?"

"येईल की. फाइल वाढणार का नाही याचा अंदाज घ्यायला लागेल. वर्षभराचं काम आहे." मग डोळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "वर्षभर डोळे पाहिजेत."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. बदल मी मागे घेत आहे, कारण असं असं आहे, आकडे सोबत जोडले आहेत. त्यात ना खेद होता, ना सारवासारव. मी पाठवायची कळ दाबली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, जिथून त्यांना फक्त उजेड दिसे. उत्तर दोन दिवसांनी आलं. तपासल्याबद्दल आभार, एवढंच. पुढच्या रविवारी त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"चांगला माणूस आहे," म्हणाले.

त्या वर्षीच मुलगी त्यांना न्यायला आली. एकट्याने राहणं आता शक्य नव्हतं. गॅसची ज्योत त्यांना दिसेनाशी झाली होती. मी सामानाची वर्गवारी केली. कपडे, औषधं, कागदपत्रं बेंगळुरूला, भांडी भावाकडे, वायरी भंगारात. डिस्कांपाशी येऊन थांबले. मुलीने विचारलं, "नान्ना, याचं काय करू?" अण्णा म्हणाले, "पुसून कुणाला तरी दे, नव्यासारख्या चालतील." आमच्या दवाखान्याची नोंद जिच्यावर चालवली होती ती डिस्क तेवढी त्यांनी चाचपून बाजूला काढली आणि माझ्या हातात दिली. "हिला पुसू नको. अशी खरी म्हातारी परत मिळायची नाही." खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मोबाइल न येणारा कॉम्प्युटरवाला निघाला होता, आणि त्यांनाच सगळ्यात जास्त रडू येत होतं.

बेंगळुरूहून ते फोन करत. खोली मोठी आहे, हवा छान आहे, नातू हुशार आहे. सगळे सकाळी जातात, संध्याकाळी येतात. "यादीवर काय चाललंय?" हा शेवटचा प्रश्न ठरलेला. मी आठवड्यातलं वाचून दाखवी. कधी कधी पलीकडून काहीच आवाज येत नसे. मी थांबले की म्हणत, "ऐकायलोय, ऐकायलोय, वाच." नंतर नंतर फोन मुलगी लावून देऊ लागली. मग एका सकाळी तिचाच निरोप आला. झोपेतच गेले होते.

यादी मी बंद केली नाही. बंद करायचं माझ्या कागदावर बरेच दिवस होतं, आणि ज्यावर काट न मारता मी पुढच्या कागदावर उतरवत राहिले असं ते एकच काम असेल. रोज मेल येतात. बहुतेक मी विषय वाचून सोडून देते.

यंदा उन्हाळ्यात एक मेल आला आणि मी हातातलं काम ठेवलं. कुणीतरी नवा मुलगा होता, दूरच्या कुठल्या देशातला. डिस्क भरत आली की मोठ्या फाइलींना जागा शोधायला वेळ लागतो, म्हणून लहान फाइली उरलेल्या सुट्या ब्लॉकांत बसवाव्या, असं त्याने सुचवलं होतं. सोबत तक्ते होते. सुंदर तक्ते. कुणीतरी त्याचं कौतुकही केलं होतं. अण्णांनी मागे घेतलेला बदल कुणाला आठवत नव्हता. यादी लांब आहे आणि मागे घेतलेल्या गोष्टी कोण शोधत बसतं?

मी त्या यादीवर तोवर कधीच स्वतःच्या नावाने लिहिलं नव्हतं. मी कर्नेल लिहिणारी नाही. दिवसभर थांबले, दुसरं कुणी सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. मग मी लिहिलं. हे पूर्वी सोलापूरच्या एका गृहस्थांनी करून पाहिलं आहे. सुरुवातीला छान चालतं. पुढे लहान फाइली वाढतात आणि सगळं पांगतं. त्यांचे आकडे जोडते आहे. तुमची डिस्क कुणी जुनी केली आहे, ते एकदा पाहा.

त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं, आणि ते दोन ओळींचं नव्हतं. डिस्क त्याने स्वतःच जुनी केली होती, आपल्या लॅपटॉपवर. त्याच्या गावात या विषयावर बोलायला कुणी नाही, तो एकटाच हे करतो. ते आकडे त्याने पुन्हा पुन्हा वाचले होते. फाइल वाढणार का नाही याचा अंदाज कसा घ्यावा, याबद्दल त्या गृहस्थांच्या मनात काहीतरी असणारच, नाहीतर त्यांनी वाढीचे आकडे असे वेगळे काढले नसते. मला त्यांच्याशी बोलायचं आहे, त्याने लिहिलं होतं. खूप विचारायचं आहे. त्यांचा पत्ता द्याल का?

अण्णा होते तोवर असं पत्र त्यांना कधी आलं नाही.

मी त्याला कळवलं की ते वारले, त्यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण त्यांची डिस्क माझ्याकडे आहे. मग मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा परवानगी मागितली. त्यांनी या खेपेला काय मिळणार ते विचारलं नाही. मी नोंद पाठवून दिली.

तो मुलगा आता त्यावर काम करतो आहे. नवीन काही केलं की मला पाठवतो, मी ते दवाखान्यात त्या म्हाताऱ्या डिस्कवर चालवते आणि आकडे त्याला कळवते. अजून जमलेलं नाही. आकडे रविवारी सकाळी तयार होतात, तेव्हा विभागात माझ्याशिवाय कुणी नसतं. मी चहा घेऊन बसते आणि ते पहिल्या ओळीपासून वाचते. मोठ्याने.